न वाचलेली बातमी

वर्तमानपत्र आणि रेडिओ ही दोघे बातम्या सांगणारी भावंडे खरी. पण दोघांच्या स्वभावात मोठा फरक आहे. वर्तमानपत्राशी भांडता येते. आमचे अण्णा रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी तांबडी पेन्सिल घेऊन बसत आणि वाचता वाचता समासात शेरे मारीत. 'अर्धवट', 'कोण म्हणतो?', 'हे कालच छापले होते!' असे ते शेरे असत. एखादा अग्रलेख फारच झोंबला तर ते संपादकांना पोस्टकार्ड लिहीत. आठ दिवसांनी ते 'वाचकांचा पत्रव्यवहार' या सदरात छापून आले, की आईला दोनदा वाचून दाखवीत. फळीवर विणलेल्या झालरीखाली बसलेल्या रेडिओपुढे मात्र ते अगदी निःशस्त्र होत. आवाज येई, बातम्या होत, आवाज निघून जाई. पेन्सिल टेकवायची कुठे?

पुढे माझ्या लक्षात आले, की समजा रेडिओला समास असता, तरी अण्णांनी शेरे मारले असते ते वाचलेल्या बातम्यांवर. जी बातमी वाचलीच गेली नाही, तिच्यावर शेरा कुठे मारणार? चुकीची बातमी दिली तर ती निदान पकडता येते. न दिलेली बातमी पकडता येत नाही. तिला आवाज नसतो, वेळ नसते आणि ती कुणी गाळली त्या माणसाचे नावही नसते. राजकारण तापलेले असले, की सरकारी रेडिओवर आणि दूरदर्शनवर काय लागले यावर आपण हमरीतुमरीवर येतो. काय लागले नाही, आणि ते तसे कुणी ठरवले, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही. मला वाटते, खरा प्रश्न तो आहे.

तो विचारायचा अधिकार आपल्याला आहे का? अण्णांना याबद्दल तिळमात्र शंका नव्हती, कारण ते पैसे मोजत. रेडिओला तेव्हा लायसन लागे. वर्षाला १५ रुपये टपाल कचेरीत भरायचे आणि त्या छोट्या पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. खिडकीशी रांग असे. एकदा मी कंटाळून म्हणालो, "अण्णा, सिनेमाच्या तिकिटालासुद्धा एवढा वेळ लागत नाही." ते म्हणाले, "तिकीट काढणारा प्रेक्षक असतो. आपण वर्गणी भरतोय. वर्गणी भरणारा सभासद असतो, आणि सभासदाला हिशेब विचारता येतो."

१९८०च्या दशकात ही लायसनची भानगड रद्द झाली. पुस्तक गेले, शिक्का गेला, रांग गेली. आणि सभासदपणाची आठवणही तिच्याबरोबर गेली. आज आकाशवाणी-दूरदर्शनचा बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून चालतो. म्हणजे पैसा अजून आपलाच आहे. फरक एवढाच, की तो आता आपल्या खिशातून न कळत जातो.

आमच्या या शहराला रेडिओचा हा स्वभाव फार आधीपासून ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात हैदराबादप्रमाणे औरंगाबादेतही रेडिओचे केंद्र होते. ते सरकारच्या मालकीचे. तेव्हा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांची बाजू त्यावरून ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. वर्तमानपत्रांत निदान लढणारा माणूस निघाला. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी चालवली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, खुद्द निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे होते. कालपर्यंत आपल्याला बंडखोर ठरवणाऱ्या राज्याने आज त्याच रेडिओवरून हार मानावी, याचे त्यांना जन्मभर नवल वाटत राहिले.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. घराचा मालक बदलला आणि तो आपल्या पसंतीचा होता, ही मोठीच गोष्ट झाली. पण घरातली मांडामांड तशीच राहिली. राज्यकर्ता बोलणार आणि लोकांनी ऐकायचे, हा नियम काही बदलला नाही.

याचा प्रत्यय साऱ्या महाराष्ट्राला १९५६ साली आला. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून भाषण करून मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे सांगितले. त्या घोषणेने मुंबई पेटली. गोळीबार झाले, माणसे मेली. नेहरूंना आपला निर्णय देशाला सांगण्याचा पूर्ण अधिकार होता. पण संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना त्याच रेडिओवरून दहा मिनिटे उत्तर देण्याचा अधिकार नव्हता. विरोधी पक्षांना तेव्हा तिथे वेळच मिळत नसे. मग उत्तर निघाले ते मैदानावरच्या सभांतून, शाहिरांच्या डफावरून, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सुरू झालेल्या आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'तून.

त्याच वर्षी सातासमुद्रापलीकडे काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. सुवेझच्या प्रकरणात ब्रिटनचे पंतप्रधान ईडन ३ नोव्हेंबरला बीबीसीवरून राष्ट्राशी बोलले. सैन्य मोहिमेवर असताना विरोधकाला बोलू देऊ नये, असे सरकारपक्षाला वाटत होते. तरी दुसऱ्याच दिवशी विरोधी पक्षाचे नेते गेटस्केल यांनी त्याच बीबीसीवरून ईडनना उत्तर दिले. त्याने ब्रिटन बुडाले नाही. आपल्याकडे राजकीय पक्षांना निवडणुकीच्या वेळी आकाशवाणीवर बोलायला मिळाले ते १९७७ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी.

त्या काळी माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपल्यातलेच मराठी गृहस्थ. त्यांचे नाव निघाले, की आजही लोक हसतात ते वेगळ्या कारणाने. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे मानून त्यांनी ती गाणी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही की निवेदन दिले नाही. नुसता काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. गाण्याच्या बाबतीत श्रोता असा जिंकला. पण बातम्यांचा सिलोन कुठून आणायचा?

तोही एकदा शोधावा लागला. २६ जून १९७५ च्या सकाळी इंदिराबाईंनी आकाशवाणीवरून आणीबाणीची घोषणा सांगितली, तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या घरातला रेडिओ दोन प्रकारे ऐकला जाई. संध्याकाळी मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा, आकाशवाणीच्या बातम्यांचा. आणि रात्री खिडक्या लावून, कान जाळीला चिकटवून, बीबीसीच्या हिंदी बातम्यांचा. निजामाच्या तुरुंगाचा अनुभव घेतलेले 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव स्वतंत्र भारताच्या तुरुंगात होते. किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमाला साथ दिली नाही म्हणून १९७६ साली त्याची गाणीही बंद झाली. आईला राजकारणात गम्य नव्हते, पण किशोरकुमार गेल्यावर ती म्हणाली, "आता मात्र काहीतरी चुकतंय!"

१९७७ साली सरकार बदलले. नव्या सरकारने प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली, आणि बी. जी. व्हर्गीज यांच्या समितीने फेब्रुवारी १९७८ मध्ये अहवाल दिला, की आकाशवाणी-दूरदर्शनला सरकारपासून अलग करून स्वायत्त न्यास नेमावा. अहवाल कपाटात गेला. विरोधी बाकावर बसले की स्वायत्तता हवीशी वाटते, आणि मंत्र्याच्या खुर्चीवर बसले की ती घाईची वाटते. हा अनुभव एका पक्षाचा नाही. खुर्चीचाच तो गुण असावा.

इथवर मी सरकारकडे बोट दाखवले. पण सगळा दोष सरकारचा असता तर प्रश्न सोपा होता. बातमी निवडणाऱ्या माणसापुढचा पेच खरोखर अवघड असतो, आणि तो समजून घ्यायला या शहराइतकी चांगली जागा नाही.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधली सोळा वर्षे हा विषय घराघरांत धुमसत होता. अनंत भालेरावांचा नामांतराला विरोध होता आणि त्यांनी तो आपल्या नावानिशी लिहिला. त्यांच्यावर कडक टीका झाली, आजही होते. माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे. पण त्यांच्याशी वाद घालता आला, कारण ते कुठे उभे आहेत हे लपलेले नव्हते. रेडिओशी असा वाद घालता येत नाही. तो कुणाच्या नावाने बोलत नाही, तसाच कुणाच्या नावाने गप्पही बसत नाही.

माझे एक स्नेही बातम्यांच्या खात्यात जन्म घालवून निवृत्त झाले. त्यांना मी एकदा विचारले, "दंगलीच्या रात्री तुम्ही ठरवता कसे?"

ते म्हणाले, "अमुक गावात अमुक जातीची एवढी घरं जाळली, असं वाचलं की शेजारच्या गावात काठ्या निघतात."

"आणि वाचलं नाही तर?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर अफवा निघते. आणि ती काठ्या बरोबर घेऊनच निघते."

त्यांचे हे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. मला वाटते, संयम आणि लपवाछपवी यांतला फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. संयमाला मुदत असते आणि कारण असते. तणाव निवळेपर्यंत नावे सांगणार नाही, हे लोकांना मोकळेपणाने सांगता येते. लपवाछपवीला मुदत नसते, आणि तिचे कारण उघड सांगण्याची सोय नसते. ज्याचे घर जळाले त्याला आणखी एक दुःख असते: आपले घर जळाले ही गोष्ट देशाच्या कानावर गेलीच नाही. विझवणाऱ्याने पाण्याची बादली आणावी. पण आग लागलीच नव्हती असे म्हणू नये.

सरकारी माध्यमाला असे धाडस कधी जमलेच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनने भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, गोविंद निहलानींनी केलेली 'तमस' ही मालिका दाखवायला घेतली. विषय फाळणीच्या दंगलींचा. ती थांबवावी म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात अर्ज झाला. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि ती दाखवायला मोकळीक दिली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. आमच्या घरी ती पाहायला शेजारपाजारचे मिळून पंधरा जण जमत. कुणी कुणाच्या अंगावर धावून गेले नाही. भाग संपला की बायका काही न बोलता उठत, एवढेच.

यानंतरच्या दोन निकालांत दोन मराठी माणसे आहेत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा कारभार स्वतंत्र संस्थेकडे असला पाहिजे. निमित्त होते क्रिकेटच्या प्रक्षेपणाचे, आणि निकाल लिहिणारे होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. अण्णा जे लायसनच्या रांगेत म्हणत होते, तेच न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितले. दुसरे आनंद पटवर्धन. त्यांचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' हा माहितीपट दूरदर्शनने नाकारला. ते कोर्टात गेले, जिंकले. दूरदर्शनने अपील केले. आणि ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवायला लावला. पटवर्धनांच्या हातात निदान चित्रपटाची रिळे होती. ज्याची नुसती बातमी गाळली गेली, त्याने कोर्टात काय घेऊन जायचे?

प्रसारभारतीचा कायदा १९९० साली झाला आणि सप्टेंबर १९९७ मध्ये अमलात आला. कायदा वाचला तर मन प्रसन्न होते. नागरिकाला सार्वजनिक हिताच्या प्रत्येक गोष्टीची मोकळी, खरी आणि निःपक्ष माहिती मिळाली पाहिजे. परस्परविरोधी मते मांडली गेली पाहिजेत. संस्थेने स्वतःचे मत लादता कामा नये, असे त्यात आहे. शिवाय देखरेखीसाठी लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात अशा बावीस खासदारांची समिती आहे, आणि लोकांच्या तक्रारी ऐकायला एक प्रसारण परिषद आहे. पण ही समिती आणि ही परिषद कागदावरच राहिली. २०१४ साली सॅम पित्रोदांच्या समितीलाही, लोकांना जबाबदार राहील अशी देखरेख नेमा, असे पुन्हा सांगावे लागले. घराला दरवाजा आहे, दरवाजाला घंटीही आहे. फक्त घंटीची तार जोडायची राहून गेली आहे.

तार जोडलेली नसली की काय होते, त्याची अलीकडची दोन उदाहरणे देतो. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी नागपूरला सरसंघचालक मोहन भागवत यांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले. विरोधकांनी सरकारी यंत्रणेचा दुरुपयोग म्हणून ओरड केली. समर्थक म्हणाले, ही बातमी आहे, मग दाखवू नये का? २०२४च्या लोकसभा निवडणुकीत सीताराम येचुरी यांच्या भाषणातले काही शब्द आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांच्या भाषणातला 'मुसलमान' हा शब्द काढायला लावण्यात आला. त्याला निवडणुकीतल्या भाषणांच्या नियमावलीचा आधार सांगण्यात आला.

या दोन्ही प्रसंगी आमच्या दिवाणखान्यात कडाक्याचे वाद झाले आणि दोन्ही वेळा ते एकाच पद्धतीने झाले. ज्याला जे आवडते ते लागले तर ती बातमी, आणि नावडते लागले तर तो प्रचार! माझे म्हणणे एवढेच, की भाषण दाखवले हा गुन्हा नाही आणि शब्द काढला हाही दर वेळी गुन्हाच असतो असे नाही. नियम कोणता, तो कुणी लावला, आणि उद्या दुसऱ्या बाजूचा माणूस उभा राहिला तर तोच नियम लागेल का, एवढे ठरवणाऱ्याने सांगावे. येचुरींचे शब्द गेले हे आपल्याला कळले, कारण भाषण त्यांनी स्वतः लिहिलेले होते. आपले काय गेले, हे आपल्याला कळत नाही.

आमच्या शहराच्या नावाचेच घ्या. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची मंजुरी आली आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. आई पंच्याऐंशीची आहे. तिच्या तोंडी औरंगाबादच येते. पुतण्या लहानपणापासून संभाजीनगर म्हणतो आणि आता त्याला मोठे समाधान आहे. शेजारचे इतिहासाचे मास्तर दोघांनाही सांगतात, की मलिक अंबरने वसवले तेव्हा हे खडकी होते. हे तिघे एकाच पातेल्यातला चहा पितात. रेडिओने काय म्हणावे? सरकारदप्तरी जे नाव आहे तेच म्हणावे. याबद्दल माझे दुमत नाही. पण मार्च २०२३ मध्ये या शहरात एकीकडे नामांतराविरुद्ध साखळी उपोषण चालू होते आणि दुसरीकडे नामांतरासाठी मोर्चा निघाला. अशा वेळी नाव एकच उच्चारले तरी माणसे दोन्हीकडची ऐकू आली पाहिजेत. नाव ठरवणे सरकारचे काम. दोन्ही बाजू सांगणे बातमीदाराचे.

यावर काही मोठा उपाय मला सुचत नाही. एक लहानसा सुचतो. विविध भारतीवर 'पत्रावली' हा श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम आहे. अमके गाणे का लावले नाही, तमका कार्यक्रम का बंद केला, असे लोक विचारतात आणि त्यांना गोड आवाजात उत्तर मिळते. बीबीसीच्या रेडिओ-४ वर १९७९ पासून 'फीडबॅक' नावाचा कार्यक्रम चालतो; त्यात श्रोते बातम्यांबद्दलही जाब विचारतात आणि निर्णय घेणारी माणसे येऊन उत्तर देतात. आपल्याकडे गाण्याला जे उत्तर मिळते, ते बातमीला का मिळू नये? प्रत्येक प्रादेशिक केंद्रावर आठवड्यातून पंधरा मिनिटे. वृत्तसंपादकाने स्वतःचे नाव सांगावे आणि पत्रांना उत्तरे द्यावीत. या आठवड्यात ही सभा सांगितली, ती सांगितली नाही, कारण अमुक. कारण पटेल किंवा पटणार नाही. पण आज ना उद्या नाव सांगून उत्तर द्यायचे आहे हे ठाऊक असले, म्हणजे बातमी गाळताना हात जरा जपून चालतो. आणि वरून कुणाचा दूरध्वनी आला, तर "साहेब, रविवारी मला लोकांना सांगावं लागेल," असे म्हणायला त्या बिचाऱ्यालाही आधार राहतो.

कुणी म्हणेल, आज शंभर वाहिन्या आहेत, हातोहाती मोबाइल आहेत. सरकारी रेडिओ ऐकतो कोण? आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत अजून ऐकतात. आणि ऐकले नाही तरी तो आपलाच आहे. शंभर वाहिन्यांचे मालक शंभर; त्यांना आपण फार तर बंद करू शकतो. याचे मालक आपण आहोत, म्हणून याला विचारू शकतो. वर्गणीची रांग गेली म्हणून सभासदपण जात नाही. या दिवाळीत फराळाची ताटे आवरली, की एक पोस्टकार्ड घ्यावे, केंद्राचा पत्ता लिहावा आणि गेल्या महिन्यात आपल्या गल्लीत, आपल्या गावात घडलेली पण ऐकू न आलेली एक गोष्ट त्यावर लिहून खाली सही करावी. त्यांच्याकडून सहीची अपेक्षा करायची, तर आधी आपली हवी.